भिंतीवर नसलेला अनातोली

तिखोझेर्स्क,
जून महिना, तारीख बारा
(तिथी लिहायची सवय अजून जात नाही, पण पंचांग मागच्या हिवाळ्यात सासऱ्यांनी खारवलेले मासे गुंडाळायला घेतलं, तेव्हा तिथी आपणच घालून घ्यावी.)

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

वासुदेवाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण या स्वयंपाकघरात टेबल आणि शेगडी यांच्या मध्ये आठही अंगं मावतील एवढी जागा नाही, तेव्हा सहा अंगांवर भागवून घ्यावं. उरलेली दोन ताईच्या वाट्याची समजून तिच्याकडे पोचती करावीत. आपल्या खोकल्याचं कसं काय आहे? मागच्या पत्रात आपण लिहिलं होतं की खोकला जुना झाला असून आता घरच्यासारखा वागतो. तो तसाच वागत राहो. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जिवाला बरं वाटलं. आता तिला सगळं स्वच्छ दिसू लागल्यामुळे घासलेल्या भांड्यांचं, सुनेचं आणि आपलं जरा कठीण झालं आहे, हेही दोन ओळींच्या मधल्या जागेत वाचलं. धीर धरावा.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे ल्युबा क्षेम, मी क्षेम, दाचावरची, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या बागेतली, काकडीची रोपं क्षेम. सासरे तेवढे क्षेम नाहीत. त्यांना काही झालेलं नाही. उलट काही झालं नाही, हेच त्यांना झालं आहे. आणि त्याला कारण मी आहे. सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर माझी बाजू अगदीच लंगडी दिसते.

आमच्या वाचनालयाच्या बाई राइसा पाव्लोव्ना दर वसंतात ‘आपल्या गावचे नामवंत’ असं प्रदर्शन भरवतात. भिंतीवर फोटो, फोटोखाली चार ओळी, उद्घाटनाला चहा आणि कोबीचे पाव. पूर्वी सगळे नामवंत एकाच भिंतीवर असत आणि त्यावरून फार भांडणं होत. बेकरीवाल्याच्या विधवेने एकदा तक्रार केली की माझ्या नवऱ्याला गुरांच्या डॉक्टरखाली का टांगलं; गुरांच्या डॉक्टरच्या मुलाने तक्रार केली की आमच्या वडिलांच्या डोक्यावर नळ आहे. अखेर राइसा पाव्लोव्नाने एक मुत्सद्दी तोड काढली. दर वर्षी एकच नाव घ्यायचं. एक वर्ष निकोलाय, एक वर्ष गालिना. गालिनांच्या वर्षी दोन भिंती आणि जिना भरला, पण भांडण झालं नाही. आपलं नाव गालिना नसेल तर गालिनांत आपला फोटो नाही याचा राग कसा मानणार? ही युक्ती मला इतकी पसंत पडली की मी तिची जाहीर स्तुती केली, आणि पुढचं सगळं रामायण (मी या शब्दाबद्दल पूर्वजांची क्षमा मागतो) त्या स्तुतीतून झालं.

या वर्षी अनातोलींची पाळी आली. हे नाव म्हणजे आपल्याकडचं दत्तात्रय समजावं: एका पिढीत दर तिसऱ्या घरात, आणि पुढच्या पिढीत औषधालाही नाही. तिखोझेर्स्कमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत एकाही बाळाचं नाव अनातोली ठेवलेलं नाही. (मुलांची नावं आता मालिकांतून येतात. आमच्या जिन्यात एकाच मजल्यावर तीन मिलाना आहेत, त्यांतली एक मांजर.) त्यामुळे गावात आज हयात असे अनातोली तीनच. पहिले बुब्नोव, आइस हॉकीचे निवृत्त पंच. दुसरे अनातोली मार्कोविच, दातांचे डॉक्टर. तिसरे माझे सासरे, अनातोली येगोरोविच लोपातिन, वय एकोणऐंशी, तळ्यावरच्या फेरीबोटीचे अडतीस वर्षं मेकॅनिक.

भिंतीवर सात अनातोली लागले. त्यांतले पाच दिवंगत, आणि दिवंगतांची योग्यता मोठी होती: एक शस्त्रवैद्य, एक हवामानशास्त्रज्ञ (यांचं एक भाकीत खरं ठरलं होतं), एक राजधानीच्या ऑपेरात कोरसमध्ये डावीकडून चौथे उभे राहत, एक मधमाश्यांच्या रोगांवरचे अधिकारी, आणि एक अंतराळात जाणाऱ्याच्या बदलीच्या बदलीला ठेवलेले, ते शेवटपर्यंत जमिनीवरच राहिले. हयात दोन. गावात हयात अनातोली तीन आणि भिंतीवर हयात अनातोली दोन, हे गणित दाजी, आपण करू शकता, मी करू शकतो, आणि दुर्दैवाने सासरेही करू शकतात. बाकी नऊ हजार माणसं भिंतीवर नाहीत, पण त्यांना सबब आहे. सबब नसलेला, म्हणजे अनातोली असून नामवंत नसलेला, असा अख्ख्या गावात एकच माणूस निघाला, आणि तो माझ्या घरात माझ्यासमोर सूप पितो.

आता माझा अपराध. निवडीसाठी तीन जणांची समिती होती: राइसा पाव्लोव्ना, नगरपालिकेतले एक गृहस्थ (हे प्रत्येक समितीत असतात, त्यांना कुणी नेमलं हे कुणालाच ठाऊक नसतं), आणि मी (ती स्तुती भोवली). मला घेण्याचं कारण राइसा पाव्लोव्नाने सभेत सांगितलं, ‘वासुदेव नारायणोविच परके आहेत, त्यांचं कुणाशी सख्य नाही.’ सत्तावीस वर्षं राहून मिळवलेलं प्रशस्तिपत्र. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला की नामवंत म्हणजे नक्की कोण. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वाईला शास्त्रीबुवांनी बारा वर्षं न्याय घोटून घेतलेला माणूस गेली सत्तावीस वर्षं शिक्षक-महाविद्यालयात इंग्रजीची क्रियापदं शिकवतो आहे (हे आपण चारचौघांत सांगत नाही याबद्दल मी आपला ऋणी आहे), त्याला कुणी ‘प्रमाण काय?’ असं विचारलं तर तो काय करील? मी उठलो. म्हणालो, प्रमाणं चार. प्रत्यक्ष घ्यावं तर जो तो आरशात रोज एक नामवंत प्रत्यक्ष पाहतो. अनुमान म्हणजे बायकोचं मत. उपमान म्हणजे शेजाऱ्याशी तुलना, म्हणजे मारामारी. उरलं शब्दप्रमाण. तेव्हा ज्याचं नाव, काही केल्याबद्दल, कागदावर छापून आलेलं आहे, मग भाषा कुठलीही असो, तोच नामवंत. ठराव एकमताने मंजूर. नगरपालिकेतल्या गृहस्थांनी तर टाळ्या वाजवल्या. न्यायशास्त्राचा व्यवहारात उपयोग होण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ, आणि तो उपयोग थेट माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात जाऊन पडला.

कारण बुब्नोव यांचं नाव छापून आलं होतं. एका मोठ्या सामन्यात थंडीने शिट्टी त्यांच्या ओठाला चिकटली आणि खेळ वीस मिनिटं थांबवताच आला नाही, ही बातमी दोन वर्तमानपत्रांनी दिली होती. दंतवैद्यांचं नाव एका वैद्यकीय मासिकात होतं, चिमट्याच्या दांड्यात केलेल्या सुधारणेबद्दल. सासऱ्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी ते लक्षातच घेतलं नाही. मला वाटलं, असेल कुठेतरी. (असेल कुठेतरी, हे प्रमाण शास्त्रीबुवांच्या यादीत नाही.)

उद्घाटनाला सासरे डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा सूट घालून गेले. हात पाठीमागे बांधून भिंतीवरून दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारली नाही. राइसा पाव्लोव्नाला म्हणाले, ‘छान चिकटवलंय.’ आणि कोबीचा पाव न खाता घरी आले. भिंतीशेजारी समितीचा ठरावही लावला होता, त्याखाली ‘सूचक’ म्हणून माझं नाव छापलेलं होतं, तेही त्यांनी वाचलं. (म्हणजे नियमाप्रमाणे मी नामवंत झालो. फक्त नाव जुळत नाही.) रात्रीच्या जेवणाला ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आपण मीठ घेणार का, वासुदेव नारायणोविच?’

दाजी, आपल्याकडे सासऱ्याने जावयाला अहो-जाहो केलं तर तो मान असतो. इकडे घरच्या माणसाला पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लावून हाक मारली की वाळीत टाकल्यासारखं असतं. सत्तावीस वर्षं मी या घरात वास्या आहे. ‘वास्या, पाना दे.’ ‘वास्या, तुझ्या त्या संस्कृतात गंजाला काय म्हणतात रे?’ ‘वास्या, बाजूला हो, ते तुझं काम नाही.’ आणि आता ‘आपण’. ल्युबाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मीठ घेतलं, जे मला डॉक्टरने वर्ज्य केलेलं आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बाक बंद पडला. हे नीट सांगायला हवं. इकडे एक समजूत आहे: एकाच नावाच्या दोन माणसांच्या मध्ये बसून मनात इच्छा धरली तर ती पुरी होते. बोलून दाखवायची नाही आणि नंतर कुणाला सांगायची नाही; सांगितली की गेली. आमच्या इमारतीच्या दाराशी एक बाक आहे. त्यावर गेली एक्केचाळीस वर्षं, पाच वाजल्यानंतर, डावीकडे लोपातिन आणि उजवीकडे बुब्नोव बसतात, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आपल्याकडे नवस बोलायला देवळात जावं लागतं. इथे या दोघांच्या मध्ये. परीक्षेची पोरं येतात, दिवस गेलेल्या बायका येतात, बदलीचे अर्ज केलेले येतात. एकदा हॉकीचा अख्खा संघ अंतिम सामन्याआधी एकेक करून बसून गेला. (हरले. पण बुब्नोव यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की गोलरक्षकाने आपली इच्छा बायकोला सांगितली होती.) हे दोघे त्याचं काही घेत नाहीत, फार तर सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. मधल्या माणसाकडे बघायचंही नाही, समोर बघत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता.

तर दुसऱ्या दिवशी पाच वाजता सासरे खाली गेलेच नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसले. पडदा इतकाच सरकवला की ते घरी आहेत आणि येत नाहीत, या दोन्ही गोष्टी खालून दिसाव्यात. खाली बुब्नोव उजव्या बाजूला. डावीकडची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, टोपीसुद्धा ठेवली नव्हती. त्यांनी वर हाक मारली (तोल्या हे अनातोलीचं घरगुती रूप):

‘तोल्या, खाली ये. दोन पोरी आणि एक पोटुशी थांबलीय.’

‘तू नामवंत आहेस. तू एकटा पुरेसा आहेस.’

‘मी एकटा म्हणजे नुसता बाकावर बसलेला म्हातारा. मूर्खपणा करू नकोस.’

‘म्हातारा तर म्हातारा. भिंतीवर आहेस ना?’ आणि पडदा बंद.

मे महिना होता, शाळेच्या शेवटच्या परीक्षा तोंडावर. तीन दिवस बाक रिकामा गेला तशी इमारतीत कुजबुज सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ती माझ्याकडे बघून होऊ लागली. लोकांनी दुसरा अनातोली म्हणून दंतवैद्यांना आणून बसवलं. माणूस फार सज्जन. पण चाळीस वर्षांची सवय. शेजारी कुणी बसलं की त्यांची नजर आपोआप तोंडाकडे जाते. औषधाच्या दुकानवाल्या बाईंची मुलगी उल्याना, जिला वैद्यकीयला जायचं आहे आणि जिचा रसायनशास्त्राशी उभा दावा आहे, ती बिचारी मध्ये जाऊन बसली. डोळे मिटले. तेवढ्यात दंतवैद्य हळूच म्हणाले, ‘बेटा, खालची उजवी दाढ दाखव बघू.’ दाढेवर दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत उल्यानाने मनापासून एकच इच्छा धरली, की हे थांबावं, आणि ती ताबडतोब पुरी झाली, म्हणजे एक हकनाक खर्ची पडली. पोरगी रडत वर गेली. दुसऱ्या दिवसापासून औषधवाल्या बाई मला म्हणू लागल्या, ‘तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात, वासुदेव नारायणोविच.’ मागच्या फळीवर डबा दिसत होता. मी दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘तो रिकामा आहे.’

ल्युबाने मला वाचनालयाच्या तळघरात धाडलं. ‘जा, शोध. अडतीस वर्षं फेरी चालवली माझ्या बापाने, एक ओळ नसेल?’ जिल्हापत्राचे जुने गठ्ठे तिथे आहेत (ते पत्र सहा वर्षांपूर्वी बंद पडलं). तीन शनिवार मी धूळ खाल्ली. फेरीबद्दल बातम्या पुष्कळ होत्या. फेरीवर लग्न लागलं, फेरीवर वासरू जन्मलं, फेरीच्या कप्तानाला बिल्ला मिळाला, कप्तानाच्या बायकोच्या हातचा मुरंबा पहिला आला. मेकॅनिकबद्दल काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फेरी बंद पडली असती तर मेकॅनिकचं नाव आलं असतं. शेजारच्या गावच्या मेकॅनिकचं चार वेळा आलं आहे. आमची फेरी अडतीस वर्षांत एकदाही बंद पडली नाही. माणसाने काम इतकं चोख केलं की त्याची कुठे नोंदच राहिली नाही. हा युक्तिवाद मी राइसा पाव्लोव्नापुढे मांडला. तिने मान डोलावली आणि म्हणाली, ‘फार सुंदर बोलता. कागद आणा.’

कागद एक सापडला. फेरीला नवीन इंजिन बसवलं त्या दिवसाचा फोटो. खाली सात जणांची नावं आणि मग ‘व इतर’. सासरे ‘इतर’ होते. फोटोत कप्तानाच्या टोपीमागून एक कान दिसतो. ल्युबाने पाहताक्षणी ओळखला, ‘बाबांचाच.’ आणि मग ती माझ्यासोबत समितीपुढे आली. नगरपालिकेतल्या गृहस्थांना फोटो पाहून भरून आलं. त्यांनी कान मोठा करून भिंतीवर लावावा अशी सूचना मांडली. सूचना दोन विरुद्ध एक अशी पडली. विरोधकांत मी होतो, कारण सासऱ्यांचा नुसता कान नामवंतांत लावून मला संध्याकाळी त्याच घरी जेवायला जायचं होतं.

मग ल्युबाने पर्समधून स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. ‘वाचा. ल्युबोव अनातोल्येव्ना. छापील आहे ना? जन्मापासून त्यांचं नाव लावतेय मी.’

राइसा पाव्लोव्ना शांतपणे म्हणाली, ‘नाव आहे. पण नियमात “काही केल्याबद्दल” असं आहे.’

‘मला केलं की त्यांनी.’

‘ते माझ्या वडिलांनीही केलं, ल्युबोच्का, म्हणून तर मी पाव्लोव्ना. पण पावेलांचं वर्ष अजून यायचंय.’ आणि मग तिने चष्मा काढला आणि खरं ते सांगितलं. ‘मला काय हौस आहे का? तुझ्या बापाने, येगोरिचने, मला शाळेत असताना रोज फेरीतून आणलंय. पण पुढचं वर्ष नादेज्दांचं आहे. गावात नादेज्दा दोनशे चौदा. आज एक नियम वाकवला तर मी भिंती कुठून आणू?’ नियम माझा, तर्क बिनतोड, आणि मी पहिल्यांदाच असा वाद हरलो ज्यात दोन्ही बाजू मीच मांडलेल्या होत्या.

यातून निदान बाक तरी सोडवला तो बुब्नोव यांनी. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते दंतवैद्यांना घेऊन जिना चढून आमच्या दारात उभे राहिले. एक्केचाळीस वर्षं शेजारी बसतात, पण घरी आल्याचं मला तरी आठवत नाही. आत यायला तयार होईनात, उंबऱ्यावरूनच बोलले.

‘तोल्या, आख्ख्या जन्मात तू कधी मध्ये बसलायस?’

‘मी कसा बसणार? मी कडेचा.’

‘मीही कडेचाच. पण आता आपण तिघं आहोत. मार्कोविच एका अंगाला, मी एका अंगाला. चल, ऊठ.’

सासऱ्यांनी बराच वेळ पडद्याची दोरी न्याहाळली. मग त्यांनी विचारलं, ‘अनातोली अनातोलींच्या मध्ये बसला तर लागू पडतं का?’

तोवर अख्खी इमारत जिन्यात जमली होती, आणि यावर मतभेद झाले. दंतवैद्यांच्या मते फळ तिप्पट. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या मते सगळंच एकमेकांत कटून जातं, हाती शून्य. शेवटी, दाजी, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (गोळ्या बंद करणाऱ्या बाईंनीसुद्धा.) ‘शास्त्र काय म्हणतं?’ मी म्हणालो, अधिकस्य अधिकं फलम्. अर्थ कुणी विचारला नाही; सूर पटला. सपाता तशाच घालून सासरे खाली उतरले आणि मध्ये बसले. दंतवैद्यांना आकाशाकडे बघायची सक्त ताकीद दिलेली होती. बुब्नोव यांनी पंचाचं घड्याळ लावलं. चार मिनिटं कुणी हललं नाही. कबुतरंही जरा दबकून होती. मग सासरे उठले, दंतवैद्यांना म्हणाले, ‘सरक, ही माझी जागा,’ आणि डावीकडे बसून समोर बघत विचारलं, ‘कोण पहिलं?’ उल्याना पहिली होती. (रसायनशास्त्र बरं गेलं म्हणते. निकाल यायचा आहे. मला गोळ्या मिळाल्या.)

तेव्हा बाक पूर्ववत सुरू आहे. भिंत मात्र तशीच आहे. वाचनालयावरून पावाच्या दुकानाला चार मिनिटं लागतात. सासरे बॉयलरघराला वळसा घालून अकरा मिनिटांनी जातात. विचारलं तर म्हणतात, ‘तिकडून सावली आहे.’ तिकडून सावली नाही, दाजी. मी स्वतः जाऊन पाहिलं. आणि सप्टेंबरात हे प्रदर्शन प्रांताच्या ठिकाणी जाणार, त्याची पुस्तिका निघणार, ती सगळ्या वाचनालयांत कायमची राहणार. अनातोलींची पाळी पुन्हा यायला राइसा पाव्लोव्नाच्या यादीप्रमाणे एकोणीस वर्षं आहेत. सासऱ्यांचं वय मी वर लिहिलंच आहे.

असो. एका सामान्य कौटुंबिक हकिकतीने आपला फार वेळ घेतला. पत्राचा उद्देश आपली आणि ताईची खुशाली विचारणे हाच होता, दुसरा काही नाही. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना यथायोग्य, आणि खोकल्याला जपून.

आपला आज्ञाधारक,
वासुदेव

ता. क. सहज आठवलं. आपलं साप्ताहिक दर गुरुवारी कऱ्हाडहून निघतं ना? त्यात बातम्यांपेक्षा हार घातलेले फोटो जास्त असतात, असं मी मागे एका पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य मी बिनशर्त मागे घेतो. लोकांच्या जीवनाशी इतकं जवळचं नातं असलेलं नियतकालिक मी पाहिलेलं नाही. तर हरवलेली म्हैस आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मध्ये कुठेतरी अनातोली येगोरोविच लोपातिन यांच्याबद्दल दोन ओळी आल्या, तर बरं होईल. नियमात ‘भाषा कुठलीही असो’ असं आहे. तिखोझेर्स्कमध्ये मराठीचं भाषांतर प्रमाणित करू शकेल असा मनुष्य एकच आहे आणि तो समितीत आहे. अंकाच्या दोन प्रती ऑगस्टच्या आत विमानाने पाठवाव्यात. हे शास्त्राला धरून आहे का, असं आपण विचाराल. शब्दप्रमाणात आप्ताचं वचन ग्राह्य असतं, आणि दाजींहून अधिक आप्त तो कोण?

पुन्हा ता. क. आपला त्रास वाचावा म्हणून मजकूर मीच करून देतो: ‘तिखोझेर्स्क (रशिया) येथील सुप्रसिद्ध नौकायंत्रविशारद व निष्काम लोकसेवक श्रीमान अनातोली येगोरोविच लोपातिन यांनी अडतीस वर्षे जलवाहतूक अखंड राखून, तसेच एक्केचाळीस वर्षे असंख्य नागरिकांचे मनोरथ सिद्धीस नेऊन, अलौकिक कीर्ती संपादन केली आहे.’ फोटो सोबत आहे. दोन्ही कान दिसतील असा मुद्दाम काढवून घेतला.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच सासरे आत आले आणि कुणाला लिहिताय म्हणून विचारलं. मला खोटं बोलता येत नाही (छापायला देता येतं, ते वेगळं). मजकूर वाचून दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या ऐकला, मग पेन्सिल मागितली आणि एकेक शब्दाचा अर्थ विचारत ‘सुप्रसिद्ध’ खोडायला लावलं, ‘विशारद’ खोडायला लावलं, ‘निष्काम’ काय ते दोनदा समजावून घेऊन खोडायला लावलं. उरलं ते असं: ‘लोपातिन अनातोली. फेरीवरचा मेकॅनिक. बाकावर डावीकडे, पाचनंतर.’ तेवढंच छापावं, दाजी, एक अक्षर जास्त नको. मी न राहवून विचारलं, की एवढं मनात होतं तर त्या शनिवारी चार मिनिटं मध्ये बसलात तेव्हा भिंतच का नाही मागितलीत? ते म्हणाले, ‘भिंत कशाला मागू? भिंतीसाठी जावई आहे. मी गुडघ्याचं मागितलं.’ मी म्हणालो, आता सांगितलंत, म्हणजे ते गेलं. त्यांनी डावा पाय दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाले, ‘हो. गेलं खरं.’

तेव्हा दाजी, गुडघा हातचा गेला आहे. आता भिंत तेवढी उरली.